तिसऱ्या भागाचा शेवट

दोघांचं वाचून झाल्याशिवाय पुस्तकाच्या शेवटाबद्दल बोलायचं नाही, हा आमच्या घरचा पहिल्यापासूनचा नियम. जादू-तलवारींच्या त्या जुन्या कादंबरीच्या तिसऱ्या भागावरून आज आमचं पुन्हा जुंपलं.

"लंगड्या सैनिकाने गादी सोडून जावं, हे मला नाही पटत," मी म्हणाले.

"मग काय मुकुट घालून मिरवेल? त्याला घरी जायचंय!" हे उसळले.

"घर जळालंय त्याचं."

"जळू दे. वाट तर आठवतेय ना!"

डोळे अगदी पूर्वीसारखे चमकत होते. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो संकोचाने सोडवून घेतला, दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, आमच्या हिला मात्र शेवट सांगू नका हं. तिचं अजून वाचून व्हायचंय."