आडव्या खुंट्या

केतकी तंबूपाशी आली ती हेल्मेट फेकून थेट खुंट्याच उपटायला बसली. जैसलमेरच्या वाळवंटातल्या रॅलीचा पहिलाच दिवस, आणि तंबूसमोरच्याच टेकडीवर तिची मोटारसायकल रुतून क्लच जळाला होता. आता कोल्हापूरला जाऊन गल्लीत तोंड कसं दाखवायचं, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

भोवतीची वाळू उकरली तरी खुंटी काही केल्या हलेना.

"आडव्या पुरल्यात मी, वर वाळूची पोती घालून," आई तंबूबाहेर येत म्हणाली. "उभ्या ठोकलेल्या इथं टिकत नाहीत. दुपारच्या वाऱ्यानं शेजारचे तीन तंबू उडाले, आपला आहे तिथंच आहे."

"आई, क्लच जळलाय. घरी जाऊया."

"मिस्त्री सकाळपर्यंत नवीन बसवून देतोय. दंडाचे तास आपल्या वेळेत वाढवून घेतले की उद्या पुन्हा उतरता येतं, तेही रॅलीवाल्यांना विचारून आले."

केतकी बघतच राहिली. मोटारसायकल घेतली तेव्हा हीच आई महिनाभर तिच्याशी बोलली नव्हती.

आईनं पदरानं तोंडावरची वाळू पुसली आणि टेकडीकडे बोट केलं. "दिवसभर इथं उभी राहून एक्केचाळीस गाड्या बघितल्या. चढावर ज्यांनी भिऊन रेस कमी केली, ते सगळे रुतले. तूसुद्धा."

उकरलेली वाळू केतकीनं दोन्ही हातांनी पुन्हा खुंटीवर लोटली आणि बुटानं घट्ट दाबली.

"जे चढले," तिनं विचारलं, "ते नेमके कुठून चढले?"