खिळ्याची हरकत

"किटलीचा दांडा मंगळवारी तुटला," मास्तर म्हणाले. "बुधवारी खिळ्याला कळलं."

मेव्हण्याने सर्व्हरच्या कपाटातून डोकं बाहेर काढलं. "दाजी, किटल्या जगात सगळीकडे तुटतात."

"मंगळवारीच?"

मेव्हण्याने डोकं परत कपाटात घातलं.

मास्तर पूर्वी शाळेत गणित शिकवत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी बिनपगारी रजा टाकली आणि कुलपांच्या दुकानावरची ही खोली घेतली. इथे ते मालक नसलेलं समाजमाध्यम उभारत होते. प्रत्येकाच्या नोंदी त्याच्या स्वतःच्या सर्व्हरवर, आणि सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलणार ते एका नियमावलीने. नियम ठरायचे सभासदांच्या यादीवर, लेखी मतदानाने. यादीत अडतीस नावं होती, सगळी टोपणनावं. एकाचीही हरकत आली की ठराव पुढे ढकलायचा.

मास्तरांचा ठराव आता एकच उरला होता. एका सर्व्हरवर 'मित्र' म्हणजे नुसती ओळख. दुसऱ्यावर, दोघांनी होकार दिला तरच मित्र. मग यंत्रांनी एकमेकांचं समजायचं काय? म्हणून प्रत्येक नोंदीला एक दुवा जोडायचा, आणि तो दुवा एका सामाईक शब्दकोशाकडे नेणार. शब्द कुठलाही वापरा, अर्थ तिथे बघा.

हा ठराव चौदा वेळा अडला होता. चौदाही वेळा एकाच सभासदामुळे. त्याचं टोपणनाव खिळा.

"खिळ्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही हं," ताई म्हणाली. सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेणं हे तिचं काम, त्यामुळे गोड बोलायची तिला सवय नव्हती. "शब्दकोशाचा सर्व्हर बंद पडला तर सगळ्या नोंदी मुक्या. साधं ठेवा, म्हणतो तो. नोंद हातात पडली की तिच्यातच सगळं कळलं पाहिजे."

"कसं म्हणतो ते ऐका." मास्तरांनी पडद्यावरून वाचलं. "'बाहेरचा दुवा म्हणजे किटलीचा दांडा. तुटला की चहा आहे, पण ओतता येत नाही.' आपली किटली, ताई! हा माणूस या खोलीत बसतो. नाहीतर..." मास्तर थांबले. "नाहीतर बाहेरचा आहे आणि हा योगायोग आहे."

"योगायोगच असेल," ताई म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

मास्तर घरून निघताना बायकोला सांगून आले होते. आज चारला मतदान. खिळा खोलीतलाच निघाला, तर खोलीला कुलूप आणि सोमवारपासून शाळा.

बायको म्हणाली होती, "कुलूप काय, खालीच मिळेल."

सापळा साधा होता. दुपारी मेव्हण्याला जिन्यात गाठून मास्तर कुजबुजले, "कुणाला बोलू नकोस. शब्दकोशात 'मित्र'चे सात अर्थ घातलेत." मग ताईला बेसिनपाशी गाठून कुजबुजले, "कुणाला बोलू नका. नऊ."

खरे अर्थ चार होते.

पावणेचारला मास्तरांनी रबर लावलेली जाड डायरी काढून पुढ्यात उघडली. मतदानाच्या वेळी ती लागायचीच. कोण सभासद शुद्धलेखनात चुकतो, कोण वाक्याशेवटी तीन टिंबं देतो, सगळं त्यांना तोंडपाठ होतं, तरी डायरी लागायची. पडदा त्यांनी असा वळवला की दुसऱ्या कुणाला दिसू नये. उजेड डोळ्यांवर येतो, म्हणाले. खोलीला खिडकी नव्हती.

चार वाजले. मेव्हणा कपाटात, ताई तिच्या टेबलाशी, मास्तर डायरीशी. खोलीत फक्त कळफलकांचा आवाज.

होकार यायला लागले. 'मान्य.' 'मान्य आहे...' 'आमची सहमती.' मिनिटाला तीन, रांगेत, लग्नाच्या पंगतीत वाढल्यासारखे. चार वाजून बारा मिनिटांनी छत्तीस झाले.

मग खिळा आला. 'हरकत. ज्या शब्दकोशाला मित्र सांगायला सात अर्थ लागतात, त्याला एकही मित्र नसणार.'

मास्तर खुर्चीत मागे टेकले. चोर पकडलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

"सात," ते कपाटाकडे बघत म्हणाले.

कपाटाचं दार आतून हळूच ओढलं गेलं.

तेवढ्यात अडतिसावं मत आलं. ते डोंगरातल्या आजीचं. यादीवर अशी एक आजी होती, आणि चौदाही वेळा ती मास्तरांच्या बाजूने खिळ्याशी भांडली होती. 'गप रे मेल्या. सातच्या जागी नऊ असले, नव्वद असले, तरी मला मान्य!'

मास्तरांनी सावकाश मान वळवून ताईकडे पाहिलं.

"अगं आई गं," ताई म्हणाली.

मेव्हणा कपाटातून बाहेर आला. "दाजी, रागावू नका. पहिल्या वर्षी सगळे नुसते मान्य, मान्य करायचे. तुम्हाला जेवण जाईना. अक्का म्हणाली, 'यांच्याशी कुणीतरी भांडा रे, मी एकटी पुरत नाही.' म्हणून मी खिळा झालो."

"आणि खिळा फारच टोचायला लागला, म्हणून मी आजी झाले," ताई म्हणाली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे मला थेरडी म्हणालास तो तू?"

"तुम्ही मला चौदा वेळा मेल्या म्हणालात. आजचं धरून पंधरा."

मास्तरांचा चेहरा बघून ताईला वाईट वाटलं.

"जाऊ द्या हो मास्तर. आम्ही दोघं खोटे, कबूल. अडतिसातून दोन गेले. बाकीचे छत्तीस आहेत की!"

मास्तरांनी डायरी मिटून तिला रबर लावलं.

"छत्तीस मीच आहे," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, निदान खिळा आणि आजी तरी खरे असतील."