दातांत धरलेली रिबीन

"दातांत रिबीन धरून मुलीची वेणी घालणारी आई! हे सुचलं कसं तुम्हाला?" प्रदर्शनाला आलेल्या एक बाई माझ्या शिल्पासमोर थबकून म्हणाल्या.

"माझी आई अशीच घालायची," मी म्हणाले.

मामा माझ्या मागेच उभा होता. गावाहून पहाटेची एसटी पकडून आलेला, नवा शर्ट घडीच्या खुणांसकट घातलेला. आई गेली तेव्हा मी सात महिन्यांची होते. पुढे दहावीपर्यंत माझ्या वेण्या यानेच घातल्या. दोन्ही हात केसांत अडकलेले आणि रिबीन दातांत, त्यामुळे मी हलले की त्याला रागवताही यायचं नाही. नुसतंच "हं हं" करायचा.

हे शिल्प मातीत घडवलं, तेव्हा चेहरा त्याचाच होता, मिशीसकट. मग वाटलं, लोक हसतील. मी मिशी खरवडून काढली आणि भिंतीवरच्या फोटोत बघून आईचा चेहरा केला.

बाई पुढे गेल्या. मामाने चष्मा पुसला आणि शिल्पाजवळ जाऊन बराच वेळ पाहत राहिला. माझी मान वर होईना. निदान आता तरी त्याने रागवावं, असं वाटत होतं.

त्याने खिशातून रुमाल काढला. मी मिशी खरवडली होती, नेमकी तिथलीच धूळ हलकेच पुसत म्हणाला, "बरं केलंस गं. ताईला तुझी वेणी घालायला मिळालीच नाही. इथे तरी घालतेय."