कांद्याची टोपली

चाळीस वर्षं या माणसाच्या तोंडातून शब्द निघाला नाही, आणि आता चार दिवस झाले, तोंड मिटत नाही. म्हातारीला राग आला होता तो याचा.

घरधनी बोटीवर आचारी. दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. घरी आला की खुर्चीत बसायचा, पुढ्यात येईल ते खायचा, "छान झालंय" म्हणायचा, हात धुवायचा. कुठे गेला होतात, काय पाहिलंत, म्हणून विचारावं तर उत्तर ठरलेलं. "पाणीच पाणी. दुसरं काय असतं?"

आणि आता सुनेने हा खेळ काढला. आठ दिवसांची रजा घेतली आणि गेली कुठे? तर कुठेच नाही. डॉक्टरांनी सासऱ्याचा प्रवास बंद केला, तर ही म्हणे, मग देशच घरी आणू. रोज एक देश. त्या देशाचं रांधायचं, त्याच देशाचा सिनेमा बघायचा. फ्रिजवर कागद चिकटवलाय: सोमवार जपान, मंगळवार कोरिया, बुधवार थायलंड. सिनेमाच्या खाली अक्षरं पळतात. म्हातारी एकेक अक्षर लावून वाचणारी. तिची एक ओळ पुरी होईस्तोवर वरचा माणूस मरून त्याला पोचवूनही झालेलं असतं.

म्हातारा अक्षरांकडे बघतच नव्हता. पडद्यावर गल्ली दिसली की म्हणायचा, "अशाच एका गल्लीच्या टोकाला न्हावी होता. दाढी करता करता गायचा. सूर चढला की आपण जीव मुठीत धरायचा." सून हसून हसून लोळायची. "मग, बाबा?" आणि बाबा सांगत सुटायचे. सुनेला.

आज गुरुवार, चीन. पडद्यावरची बाई कणकेच्या पुरचुंड्या वाफवत होती. म्हातारा मध्येच बोलला, "असं नाही करत." झालं. सुनेने सिनेमा तिथेच थांबवला आणि त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. म्हातारी मागोमाग गेली. आपल्या ओट्यापाशी काय चाललंय ते बघायला नको?

कणीक मळून झाली, सारण झालं. सून म्हणाली, "पण बाबा, वाफवायचं कशात? सिनेमातल्या बाईकडे ती बांबूची होती, गोल. तसलं आपल्याकडे काही नाही."

म्हातारा ओट्याला धरून खाली वाकला. आतून त्याने कांद्याची टोपली ओढली आणि सगळे कांदे फरशीवर पालथे केले.

"अहो! कांदे काय सांडताय?"

"ही कांद्याची नाही."

"चाळीस वर्षं मी हिच्यात कांदे ठेवतेय, आणि म्हणे कांद्याची नाही!"

"त्याच्या आधीचं सांगतोय." त्याने फुंकर मारून सालं उडवली. "पहिल्या खेपेला आणली होती. झाकण होतं हिला."

झाकण. म्हातारीला ते आठवलं. दुधावर ठेवायची ती. पुढे पोराने त्याचं चाक केलं आणि अंगणभर फिरवून मोडलं.

"मग कधी केलं का नाहीत काही हिच्यात?" सुनेने विचारलं.

"तुझ्या सासूला विचार."

"मला काय विचारायचंय त्यात?" म्हातारी उसळली. "म्हणाले असेन, दहा महिने परक्यांची पोटं भरता, घरी आलात तर बसून खा. वाईट बोलले?"

"वाईट नाही. 'माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही', एवढंच म्हणालीस." त्याने टोपली नळाखाली धरली. "नाही टाकलं."

रागाने नाही बोलला. न्हाव्याची गोष्ट सांगावी तसं बोलला.

म्हातारीने धुतलेला डाव पुन्हा धुवायला घेतला.

त्याने पारी तळहातावर घेतली, सारण ठेवलं, आणि बोटं आपोआप चुण्या घालू लागली. एक, दोन, तीन, तांदळाच्या दाण्याएवढ्या, एकसारख्या. सून बघतच राहिली. चौथ्या चुणीला हात थरथरला आणि पारी फाटली. दुसरी घेतली, तीही फाटली. तिसरी त्याने घेतलीच नाही.

"तासाला दोनशे व्हायच्या," तो म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे.

"मी करते, बाबा. तुम्ही फक्त सांगा."

त्याने सांगितलं, तिने केल्या. वाकड्यातिकड्या झाल्या. झाकण नव्हतं म्हणून टोपलीवर ताटली पालथी घातली. पाणी उकळलं तशी वाफ वर आली, आणि तिच्याबरोबर चाळीस वर्षांचे कांदे. घरभर तोच वास.

म्हाताऱ्याने एक उचलली, अर्धी खाल्ली आणि बशीत ठेवली. हसला. "कांद्याचीच झाली की गं ही."

सून हसू दाबत, तोंडाला पदर लावून आत पळाली. बाहेरच्या खोलीत पडद्यावरची बाई हातात झाकण धरून तशीच थांबली होती.

म्हातारीने एक खाल्ली. मग दुसरी. मग त्याच्या बशीतली अर्धीही उचलून तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिली. नवऱ्याकडे न बघताच बोलली.

"चूक तुमचीच आहे. बायको एकदा नाही म्हणाली, तर माणूस दुसऱ्यांदा विचारतो."