वासाची पट्टी

खोलीचं दार उघडताच मुलाने नाकाला रुमाल लावला आणि सुगंधी तेलांनी उपचार करणाऱ्या अरोमाथेरपीवालीला म्हणाला, "हाच तो वास. संध्याकाळच्या आत जायला हवा."

खाटेवर त्याचे म्हातारे वडील भिंतीकडे तोंड करून निजले होते. चादर ओली होऊन वाळली होती आणि वाळून पुन्हा ओली झाली होती. खाटेखालचं भांडं भरलेलं, खिडकी घट्ट बंद. तिने तेलांची पेटी हातातच धरून ठेवली. खाली ठेवावी अशी जागाच नव्हती.

"फोनवर तुम्ही म्हणालात, बाबांना झोप लागत नाही, अंग आखडलंय."

"तेही आहेच की. पण आज घर बघायला गिऱ्हाइकं येतायत. मागचे लोक या दारातूनच परत गेले. तुमच्याकडे सगळ्यात उग्र काय असेल ते लावा. वाटल्यास अख्खी बाटली ओता."

बाहेर हॉलमध्ये त्याची बहीण सोफ्याच्या उशांना नवेकोरे अभ्रे चढवत होती.

"चादर का नाही बदललीत?"

"सांभाळणारी बाई सोडून गेली," मुलगा म्हणाला. "आणि या आठवड्यात बाबांकडे बघायची हिची पाळी आहे."

"माझी पाळी कालच संपली," बहीण हॉलमधूनच म्हणाली. "सकाळपासून तुझी."

पोटच्या पोरांनी बापाला असं पाळ्यांमध्ये वाटून घेतलं होतं, आणि दोन पाळ्यांच्या मधल्या फटीत म्हातारा ओल्या चादरीवर पडून होता. दोघांचे कपडे मात्र कडक इस्त्रीचे. अरोमाथेरपीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे बघा, मी मसाल्यातल्या धन्यांचं तेल आणलंय. ते उग्र नसतं. थेंब-दोन थेंब साध्या तेलात मिसळायचे आणि हातापायांना हळूहळू चोळायचे. शिणलेल्या माणसाला बरं वाटतं. घाणीवर शिंपडायला नाही आणलेलं ते. घाणीला बादली लागते, साबण लागतो आणि दोन हात लागतात. तुम्हा दोघांना मिळून चार आहेत."

"तुम्हाला भाषण द्यायला बोलावलेलं नाही, बाई."

"कळलं ते. बापाला नाही, भिंतींना बरं वाटावं म्हणून बोलावलंय."

ती तरातरा दारापर्यंत गेली. पण ती गेली असती तर काय झालं असतं? कोपऱ्यावरच्या दुकानातून वास मारायचा फवारा आला असता, आणि म्हातारा होता तिथेच राहिला असता. ती परत फिरली. आधी खिडकी उघडली. पेटी खिडकीच्या कठड्यावर ठेवली, बाटलीचं झाकण काढलं आणि कागदाची एक पांढरी पट्टी तेलात बुडवली. तिची ही रोजची पद्धत होती. कुठलंही तेल लावण्याआधी पट्टी माणसाच्या नाकाशी धरायची. त्याने होकार दिला तरच पुढे जायचं, तोंड फिरवलं तर बाटली बंद. ज्याचं अंग, त्याची परवानगी.

"त्यांना काय विचारताय?" मुलगा म्हणाला. "त्यांचं नाक गेलंय. आजारपणातच गेलं."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"डॉक्टरांनी कशाला सांगायला हवं? पूर्वी दूध जरा करपलं तरी जिन्यातूनच ओरडत वर यायचे, घर डोक्यावर घ्यायचे. आता इतके महिने या खोलीत आहेत, पण तक्रारीचा एक शब्द नाही. वास येत असता तर बोलले नसते का?"

बहीण उशी घेऊन दारात आली होती. "खरंच, त्यांना काही जाणवत नाही," ती म्हणाली. "तेवढं एक बरं आहे."

बरं आहे म्हणे. यांनी बापाचं नाकही आपल्या सोयीने बंद करून टाकलं होतं. हे अरोमाथेरपीवालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण खरं सांगायचं तर तिलाही ते पटलं होतं. वास येत असताना कोण असं मुकाट पडून राहील? तरीही हाताला सवय होती म्हणून ती खाटेवर वाकली आणि तिने भिंतीच्या बाजूने पट्टी त्यांच्या नाकाशी नेली.

"काका, हे तुमच्यासाठी आणलंय. बघा बरं, आवडतंय का?"

काहीच झालं नाही. मग म्हाताऱ्यांच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी श्वास ओढला, थांबले, आणि पुन्हा एकदा ओढला, सावकाश, छाती भरून.

"धने," ते म्हणाले.

आवाज घोगरा होता, पण शब्द स्वच्छ. मुलाचा रुमाल नाकावरून खाली आला. बहिणीने उशी छातीशी घट्ट धरली. बहीणभाऊ एकमेकांकडे बघेनात. खाटेखालच्या भांड्याकडे तर मुळीच बघेनात.

"बाबा," मुलगा म्हणाला, "तुम्हाला वास येतो? मग कधी बोलला का नाहीत?"

म्हाताऱ्यांनी तोंड वळवलं नाही. पट्टीचा तो वास त्यांनी आणखी एकदा आत घेतला आणि भिंतीकडेच बघत विचारलं,

"आज कोण येणार आहे?"