उद्याच्या शॉटपर्यंत

गावातल्या बेनेडिक्टच्या घराच्या ओसरीवर शूटिंगसाठी ‘दवाखाना’ अशी नवी कोरी पाटी लटकली होती आणि तिच्याखाली बाकावर सिसिलियाबाय पाय पुढे करून बसली होती. पायाच्या पट्टीवर माश्या घोंघावत होत्या. पिवळा ओघळ टाचेपर्यंत आलेला.

गोराईची नर्स आयडा पिशवी घेऊन तडक आत शिरली. "बाय, आधी पट्टी बदलू."

"अहो सिस्टर, हात नका लावू!" टीव्हीचा दिग्दर्शक धावत आला. "अर्धा सीन झालाय, उरलेला उद्या. पट्टी अशीच दिसायला हवी."

"पू झालाय. उद्यापर्यंत थांबलात तर अंगठा जाईल."

"डाग काय सुंदर उठलाय बघा! आमच्या मेकअपवाल्याला सात जन्मांत जमला नसता."

खेड्यातल्या प्रेमळ डॉक्टरची हसरीखेळती मालिका होती म्हणे. पुवाची किळस आयडाला कधीच वाटली नव्हती. या माणसाच्या खुशीची वाटली.

डॉक्टरच्या भूमिकेतला नट श्यामसुंदर पांढऱ्या कोटात भजी खात होता. तो उठला, म्हातारीच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "घाबरायचं नाही आजी. उद्यापर्यंत दम धरा."

म्हातारीचा चेहरा फुलला. आयडाने खाली बसून कात्री काढली, तसा तिने पाय झटकन मागे घेतला. "डॉक्टर उद्या बोलला ना? मग उद्या."

"बाय, तो डॉक्टर नाय गं. नाटकातला हाय."

"ठाऊक हाय मला. तुझा खरा डॉक्टर शेवटचा कधी आलेला?"

ईस्टरला. तेव्हाही तो पाय न बघताच परतीच्या होडीसाठी पळाला होता.

"हा तीन दिवस रोज येतो. हात धरतो माझा. जेवलीस का, विचारतो."

आयडाने तिचा घोटा घट्ट धरला आणि कात्री चालवली. दिग्दर्शक ओरडला. चिकटलेला शेवटचा वेढा सुटला आणि वास ओसरीभर पसरला. सगळ्यांत आधी श्यामसुंदर नाकाला रुमाल लावून अंगणात पळाला आणि माडाच्या बुंध्याशी ओकला.

सिसिलियाबाय त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने पाय आपणहून आयडाच्या मांडीवर ठेवला.