नदीकाठचा मुक्काम

हरणांचे कळप यंदा खोऱ्यात उतरलेच नाहीत. बर्फ लवकर वितळला आणि चराईच्या जागी नुसता चिखल उरला. इंदुमती शेजवळकर गुहेच्या तोंडाशी काळजी करत बसली होती. कधीच्या काळी नामशेष झालेल्या निअँडरथल माणसांची ही नऊ मुलं एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत जन्मली, आणि परिचारिका म्हणून आलेल्या इंदुमतीनं ती अंगाखांद्यावर वाढवली. त्यामुळे सैबेरियातल्या या खोऱ्यात सगळी मराठीच बोलायची. आता मुलं मोठी झाली होती आणि तिचे गुडघे कामातून गेले होते.

"संस्थेला सांगून अन्न मागवते," ती म्हणाली.

"नको, आई," थोरला भुरू म्हणाला. "हरणं नाहीत तर नसू देत. नदीला मासे आहेत, बदकं आहेत. आम्ही भाले आखूड करून घेतलेत. मुक्काम तिकडेच हलवू."

हे तिनं त्यांना कधीच शिकवलं नव्हतं. तिचा ऊर भरून आला.

"जा रे बाळांनो. मला आता चालवत नाही. संस्थेचं विमान येईल मला न्यायला."

तिला मागे ठेवून जायचं, हे भुरूला कळलंच नाही. तो तिच्यापुढे पाठ करून वाकला आणि म्हणाला, "बस."

दिवसभर त्यांनी तिला आळीपाळीनं वाहून नेलं. नदीकाठी वारा अडवणारा एक मोठा खडक होता. तिथे त्यांनी शेकोटी पेटवली, आधी तिला उबेला बसवलं आणि मग कातडी ताणून तिच्याभोवती घर उभारायला घेतलं.